घाटावरचा समुद्र : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या अंकात गप्पी आणि मॉली माशांवर लिहिलं, आणि जी पत्रं आली त्यातली निम्म्याहून अधिक खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दलची. आपल्याकडच्या माणसाला समुद्राचं वेड जरा जास्तच. कुंभार्ली नाहीतर आंबा घाट उतरला की तो हाताशी येतो, आणि रविवारी संध्याकाळी गाडी पुन्हा वर काढावी लागते. सारखेच प्रश्न होते ते एकत्र केले आहेत. माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे आकड्याशिवाय उत्तर देववत नाही. कंटाळा आला तर आकडे गाळून वाचा, मात्र टाकी भरायच्या दिवशी हा अंक शोधून ठेवा.

प्रश्न : फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची छोटी टाकी करायची आहे. छोटी म्हणजे किती? दुकानदार म्हणतो, पंधरा लिटरच्या गोल बाउलपासून सुरुवात करा. (विश्रामबाग, सांगली)

बाउल त्याच्याकडेच राहू द्या. खाऱ्या पाण्यात लहान टाकी सोपी नसते, अवघड असते. पंधरा लिटरमध्ये खाद्याचे चार दाणे जास्त पडले, दुपारचं ऊन आलं किंवा तांब्याभर पाणी उडालं, की सगळं पाणी बदललं. गप्पी ओढ्यात राहील, डबक्यातही राहील. प्रवाळाच्या खडकात वाढणाऱ्या माशाने मात्र जन्मभर जवळजवळ एकच पाणी पाहिलेलं असतं.

माझ्या मते नवख्याने २ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी घ्यावी. घनफुटाला २८.३ लिटर, म्हणजे काठोकाठ १२७ लिटर. वरची मोकळी जागा, वाळू आणि दगड वजा जाता शंभरेक लिटर पाणी राहतं. काच ८ मिलिमीटरची घ्या. सगळं मिळून वजन दीडशे किलोच्या पुढे जातं, तेव्हा टीव्हीच्या शोकेसवर ठेवायचा विचार सोडा. लोखंडी अँगलचा स्टँड करणार असाल तर त्याला चांगला एपॉक्सी रंग मारून घ्या. टाकीच्या कडेने मिठाचे पांढरे फुलोरे येतातच आणि साधा रंग ते टिकू देत नाहीत.

दुकानदाराची यादी दिवे, पार्श्वभूमीचं चित्र आणि मासे अशी सुरू होते. तुम्ही ती खालून वाचा. आधी खारटपणा मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेटची चाचणी किट, आणि साधा थर्मामीटर. मग तासाला हजार ते दोन हजार लिटर पाणी फिरवणारा वेव्हमेकर, शंभर वॅटचा हीटर, आठ-दहा किलो सच्छिद्र कोरडा दगड आणि खाली दोन बोटं अॅरागोनाइटची (चुनखडीच्या जातीची) वाळू. नुसते मासे ठेवायचे असतील तर साधा एलईडी दिवा चालतो. प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र) चांगली वस्तू आहे, पण एवढ्या टाकीत आठवड्याला दहा-पंधरा लिटर पाणी नेमाने बदललं तर पहिल्या वर्षी त्याच्यावाचून अडत नाही. नेम होणार नसेल तर स्किमर घेऊनही उपयोग नाही.

प्रश्न : महिन्यातून एकदा कामानिमित्त रत्नागिरीला जाणं होतं. तिथून कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणलं तर? (मिरज) टाकीत घरचं खडेमीठ का चालत नाही? तेही समुद्राचंच ना? (कुपवाड)

आधी मिरजकरांचं. समुद्राचं पाणी वाईट नाही. रत्नागिरीला झाडगावात कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी संशोधन केंद्र आहे, त्याचं मत्स्यालय वेळ काढून बघाच. पण समुद्रकाठच्या मत्स्यालयांत पाणी उपसून, निवळून, गाळून वापरतात. तुम्ही भरणार भाट्याच्या पुळणीवर गुडघाभर पाण्यात उभं राहून, आणि तिथे शेजारीच खाडी समुद्राला मिळते. पावसाळ्यात तर कोकणातल्या नद्या काठचा खारटपणा पार उतरवून टाकतात. बंदराजवळ डिझेलचा तवंग असतो. शिवाय प्रत्येक कॅनमध्ये डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव येतात, ते बंद डिकीत मलकापूरपर्यंत मरायला लागतात आणि घरी पोहोचेपर्यंत पाण्यात अमोनिया तयार होतो. हिवाळ्यात, भरतीला, खडकाळ उघड्या किनाऱ्यावरून आणून, कापडाने गाळून, दोन आठवडे अंधारात हवेचा पंप लावून ठेवलंत तर वापरता येईल. एवढं करण्यापेक्षा मीठ विकत घेणं स्वस्त पडतं. वीस लिटरचा कॅन साडेवीस किलोचा होतो, हे तुमच्या कमरेलाही विचारा.

आता खडेमीठ. समुद्रात विरघळलेल्या क्षारांपैकी वजनाने ५५ टक्के क्लोराइड, ३० टक्क्यांच्या वर सोडियम, पावणेआठ टक्के सल्फेट, पावणेचार टक्के मॅग्नेशियम, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी एक-सव्वा टक्का. मिठागरात पाणी आटायला लागलं की आधी कॅल्शियमचे क्षार, त्यातही जिप्सम, तळाला बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं. मिठागरवाला ते कडू पाणी काढून टाकतो, म्हणून तर आपलं मीठ खाण्यासारखं लागतं. म्हणजे खडेमीठ हा समुद्राचा एक हिस्सा झाला, अख्खा समुद्र नव्हे. गोड्या पाण्यातल्या आजारी माशाला चिमूटभर टाकता ते ठीक, पण खाऱ्या टाकीत ते चालणार नाही. पुड्यातलं आयोडीनयुक्त बारीक मीठ तर नकोच.

मरीन सॉल्ट म्हणून जे तयार मिश्रण मिळतं, ते लिटरला साधारण ३६ ग्रॅम लागतं. तुमच्या टाकीला पहिल्या भरणीत पावणेचार किलोच्या आसपास. बादलीत आधी पाणी घ्या आणि मग त्यात मीठ थोडंथोडं सोडा. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम फाटून पांढरा गाळ धरतो आणि मग तो विरघळत नाही. वेव्हमेकर लावून एक दिवस फिरू द्या. मासे असलेल्या टाकीत कोरडं मीठ कधीही टाकायचं नाही.

प्रश्न : आमच्या बोअरचं पाणी मचूळ आहे, टीडीएस २१०० येतो. आधीच खारं आहे, तर मीठ कमी लागेल का? (वाळवा तालुका)

तुमचा प्रश्न वाचून हसलो, पण तो हुशारीचा आहे. समुद्राचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, ३५,००० च्या घरात असतो, म्हणजे तुमचं पाणी त्याच्या सोळाव्या हिश्शालाही पोहोचत नाही. आणि ते खारं झालंय वेगळ्या कारणाने. उसाला पाणी सोडसोडून जमिनीतले क्षार वर आले, त्यात युरियाचं नायट्रेट मिसळलं. क्षारपडीचं पाणी आणि समुद्राचं पाणी यांची घडण एक नाही. वरून मीठ कितीही टाकलंत तरी आत जे नको ते राहणारच, आणि पहिल्या महिन्यापासून शेवाळ तुमच्या काचा सोडणार नाही.

आरओचं पाणी घ्या. पण घरच्या मशीनमध्ये एक गोम असते. चव यावी म्हणून बहुतेक मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी गाळलेल्या पाण्यात परत मिसळतो. टेक्निशियनला तो बंद करायला सांगा किंवा मिनरलच्या कांडीच्या आधीच नळी काढून घ्या. त्यापुढे उरलेले क्षार धरून ठेवणारी डीआय रेझिनची नळी लावली की मीटर शून्याजवळ येतो. २१०० च्या पाण्यावर मेम्ब्रेन, म्हणजे आरओमधला गाळणारा पडदा, लवकर दमेल, म्हणून नळपाण्याची सोय असेल तर तेच आरओला जोडा. वाया जाणारं पाणी अंगण धुवायला वापरा, झाडांना घालू नका.

आणखी एक. घरात तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवायची पद्धत असेल, तर ते माणसांपुरतं ठेवा. तांब्याचा अंश माशाला एक वेळ सोसेल, शंख, कोळंबी आणि खेकडे त्याने मरतात.

प्रश्न : द्राक्षाची साखर बघायचा ब्रिक्समीटर घरात आहेच. त्यानेच खारटपणा मोजता येईल का? (तासगाव)

या पत्राची वाट बघत होतो. आयुष्यभर उसाच्या रसाचा ब्रिक्स पाहिला, त्यामुळे हा प्रश्न मला घरचा वाटतो. उपकरणाचं तत्त्व एकच: पाण्यात काही विरघळलं की प्रकाश जास्त वाकतो. ३५ च्या खारटपणाचं, म्हणजे किलोला ३५ ग्रॅम क्षार असलेलं पाणी ब्रिक्सच्या पट्टीवर साडेचारच्या किंचित खाली रेघ दाखवतं. पण द्राक्षाचं मीटर शून्य ते ३२ पर्यंतचं, त्यातलं ०.२ चं एक बारीक घर म्हणजे खारटपणात दीड ते पावणेदोन ग्रॅमचा फरक. अंदाजाला चालेल, रोजच्या कामाला नाही. वेगळं घ्या.

नवीन घेतलेलंही डोळे झाकून खरं मानू नका. स्वस्तातली बरीच मीटरं नुसत्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नव्हेत, आणि फक्त साध्या पाण्यावर शून्य जुळवून भागत नाही. ३५ चं प्रमाणित द्रावण विकत मिळतं. नाहीतर प्रयोगशाळेच्या प्रतीचं सोडियम क्लोराइड ३६.५ ग्रॅम, ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, ३५ च्या समुद्राएवढाच येतो. त्यावर स्क्रू फिरवून ३५ जुळवा. ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा सोनाराकडे मिळेल. विशिष्ट गुरुत्वाच्या पट्टीवर वाचत असाल तर १.०२५ ते १.०२६ हे तुमचं घर.

प्रश्न : टाकी 'सायकल' करायला त्यात कच्ची कोळंबी टाकून कुजू द्यायची असं कळलं. आमच्या घरात मांसमच्छी होत नाही, त्यात श्रावण. सासूबाई म्हणतात, टाकीच नको. दुसरा काही मार्ग? (सातारा)

सासूबाईंना सांगा की कोळंबीची गरजच नाही. वास येतो, आणि अमोनिया किती झाला याचा हिशेबही राहत नाही.

'सायकल' म्हणजे मासे सोडण्याआधी टाकीत घाण पचवणाऱ्या जीवाणूंची वस्ती वाढवणं. ते काम असं आहे. मासे अमोनिया सोडतात, तो त्यांनाच विषारी. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते थोडंफार सोसतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे जीवाणू दगडाच्या छिद्रांत आणि वाळूत वस्ती करतात, आणि ती वस्ती वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया घातक. म्हणून गोड्या पाण्यात चार दिवसांत मासे सोडून निभावून गेलं असेल, तसं इथे होत नाही.

तुम्हाला हवा फक्त अमोनिया. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, पूर्वी कल्हईवाला वापरायचा तोच. मात्र बाजारातला नको, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून शुद्ध घ्या. शंभर लिटरला ०.६ ग्रॅम टाकला की अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमच्या जरा खाली येतो. पाणी २६ अंशांवर ठेवा, वेव्हमेकर चालू, दिवा बंद. दोन-तीन दिवसांआड चाचणी करा. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग नायट्राइट उतरेल. एवढाच डोस पुन्हा टाकल्यावर चोवीस तासांत दोन्ही शून्य झाले की टाकी तयार. निम्मं पाणी बदला आणि मग माशाचा विचार करा.

एखादा दुकानदार म्हणेल, तेवढ्यात दोन डॅमसेल मासे सोडा, ते चिवट असतात. चिवट असतात म्हणून त्यांना महिनाभर जाळायचं, हे मला पटत नाही. आणि ते जगले तर नंतर टाकीत दुसऱ्या कुणाला राहू देत नाहीत.

प्रश्न : काका, मी आठवीत आहे. मला निमो, तो निळा मासा, समुद्रघोडा आणि खरे प्रवाळ ठेवायचे आहेत. बाबा म्हणाले, आधी तुम्हाला विचार. (वाई)

तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. चारांपैकी एक मिळेल.

निमो, म्हणजे क्लाउनफिश, अवश्य ठेव. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र आपल्या देशात केव्हाच बसवलं आहे, तेव्हा दुकानात विचारायचं ते हे की मासा हॅचरीतला आहे की समुद्रातून पकडलेला. हॅचरीतलाच घ्यायचा. तो दाणे खायला शिकलेला असतो आणि दहा वर्षांहून जास्त जगू शकतो, म्हणजे तू कॉलेज संपवशील तरी तो असेल! एक लहान आणि एक मोठा घे. क्लाउनफिश सगळे नर म्हणून जन्मतात, आणि दोघांतला जो मोठा आणि दांडगा असतो त्याची मादी होते. हे तुझ्या विज्ञानाच्या बाईंना विचारून बघ. त्याला राहायला समुद्रफूल (ॲनिमोनी हा जीव) लागतंच असं नाही. ते नव्या टाकीत बहुधा मरतं आणि मरताना सगळं पाणी नासवतं.

निळा मासा, ब्लू टँग, दुकानात बोटाएवढा दिसतो पण फूटभर वाढतो. तुझ्या टाकीत त्याला वळायलाही जागा नाही.

समुद्रघोडा आणि प्रवाळ हा कायद्याचा प्रश्न आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ मध्ये दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखा आणि समुद्रघोडे त्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे वाघाच्याच रांगेत. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही घरी आणायचा नाही. मालवणच्या समुद्रात आपलं स्वतःचं प्रवाळ आहे, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे. सहलीला गेलास तर बघ आणि तिथेच राहू दे. हे मोठ्यांसाठीही: 'लाइव्ह रॉक', म्हणजे जीवांसकट असलेला दगड, म्हणून जे विकतात ते पुष्कळदा प्रवाळाच्या खडकातूनच फोडलेलं असतं. म्हणून वर मी कोरडा दगड लिहिला आहे, तोही सिरॅमिकचा, कारखान्यात बनवलेला मिळाला तर उत्तम.

तुझ्या टाकीत दोन क्लाउनफिश, एक छोटा गोबी मासा आणि काच चाटणारे चार-पाच शंख. झालं.

प्रश्न : मुंबईहून रात्रीच्या बसने मासे मागवले. पिशव्या सकाळी मिळाल्या, सांगितल्याप्रमाणे दोन तास थेंबथेंब पाणी सोडलं, तरी एक दगावला. काय चुकलं? (सांगली)

थेंबथेंबच नडलं. बंद पिशवीत रात्रभर माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, आणि त्या पीएचला तिथला अमोनिया फारसा लागत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. क्रॉफर्ड मार्केटहून त्याच शहरात अर्ध्या तासात घरी नेणाऱ्या माणसाची रीत दहा तासांच्या प्रवासाला लावू नये. बंद पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवा. दुकानदाराला आदल्या दिवशी फोन करून त्याच्या पाण्याचा खारटपणा विचारा आणि एका वेगळ्या टबात तेवढंच पाणी तयार ठेवा. पिशवी उघडली की मासा लगेच टबात, पिशवीतलं पाणी मोरीत.

तो टब तसाच तीन-चार आठवडे वेगळा ठेवा. अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे ठिपके दिसले तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. त्यावर तांब्याचं औषध असतं आणि ते फक्त टबातच द्यायचं. मुख्य टाकीत ते एकदा गेलं की दगड आणि वाळू धरून ठेवतात, आणि तिथे पुढे शंख ठेवायची सोय राहत नाही.

प्रश्न : एप्रिलमध्ये आमच्या हॉलमध्येच ३५ अंश असतात. चिलर परवडत नाही. शिवाय पाणी रोज कमी होतं, मग रोज खारं पाणी भरायचं का? आणि लाइट गेली तर? (कराड)

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण जास्तीत जास्त टाक्या यानेच जातात. उडतं ते पाणी, मीठ आतच राहतं. म्हणून रोजची तूट भरायची ती साध्या आरओ पाण्याने. शंभर लिटरमधलं पाच लिटर उडालं की ३५ चं जवळजवळ ३७ होतं. तुम्ही खारं भरत गेलात तर महिन्याभरात टाकीचं मिठागर. काचेवर मार्करने एक रेघ मारा आणि सकाळी चहाच्या वेळी पाणी त्या रेघेला आणा. खारं पाणी फक्त आठवड्याच्या बदलीला.

आता उष्णता. २४ ते २७ अंश चांगले, २८ चालतात, ३० च्या वर काळजी. टाकीचं झाकण काढून जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा लागेल असा छोटा पंखा बसवा. आपल्याकडची मार्च ते मेची हवा कोरडी असल्याने पंख्याने दोन ते चार अंश सहज उतरतात. पाऊस लागला की हवा दमट होते आणि पंखा तेवढा काम करत नाही, पण तोवर उकाडाही गेलेला असतो. टाकी पश्चिमेच्या भिंतीला असेल तर हलवा. दिवा दुपारी बंद ठेवून संध्याकाळी लावा. साताऱ्याकडच्यांना उलट प्रश्न येईल, तिथे डिसेंबरच्या रात्री हीटरशिवाय भागत नाही.

लाइट गेल्यावर पहिली अडचण प्राणवायूची. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात ठेवा, इन्व्हर्टर असेल तर वेव्हमेकर त्यावर घ्या, दिवा आणि हीटर नको. वीज नसताना खाद्य घालू नका. काहीच नसेल तर दर पंधरा मिनिटांनी मगाने पाणी काढून उंचावरून ओता. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

प्रश्न : टाकी होऊन दीड महिना झाला. वाळूवर आणि दगडावर तपकिरी थर आला आहे. सगळं काढून धुऊ का? (जत)

धुऊ नका. ती डायटम नावाची शेवाळं, नव्या टाकीत येतातच. पाण्यातली आणि वाळूतली सिलिका संपली की आपोआप ओसरतात. आरओचा मीटर शून्याजवळ आहे ना एवढं पाहा, दिवा सहा तासांवर आणा आणि दोन शंख वाढवा. काच पुसलीत तर चालेल.